श्रोत्याची जागा : आफ्रिकी कथाप्रयोग, उज्जयिनीचा वेताळ आणि माच

१

गोष्ट, गाणे आणि नाच ही तीन अंगे एकत्र येऊन सिद्ध होणारा, आणि घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकाच सतरंजीवर बसून अनुभवावयाचा जो प्रयोग, त्याची चर्चा आपल्या समीक्षेत सहसा होत नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. वाङ्मयाचे जे वर्ग आपण पाडून ठेविले आहेत त्यांपैकी एकाही वर्गात हा प्रयोग सुखाने बसत नाही. त्याला बालवाङ्मय म्हणावे, तर वृद्धही त्यात तितकेच रमतात. नाटक म्हणावे, तर त्याला पक्की संहिता नसते. संगीत म्हणावे, तर त्यातील गाणे गोष्टीपासून सुटे करताच निस्तेज होते. परिणामी 'मनोरंजनाचा कार्यक्रम' एवढ्या एका शब्दात त्याची बोळवण करून टीकाकार मोकळा होतो.

आफ्रिका खंडातील कथा, वाद्ये आणि नृत्ये यांचे असे प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभरच्या रंगमंचांवर होत आले आहेत. 'सहकुटुंब पाहण्याजोगे' असे त्यांचे वर्णन केले जाते. हे वर्णन वरवर निरुपद्रवी वाटले, तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. ज्यात मोठ्यांनी विचार करावा असे काही नाही आणि ज्याने मुलांचे काही बिघडणार नाही ते सहकुटुंब पाहण्याजोगे, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात मी याच्या नेमके उलट प्रतिपादन करणार आहे. सर्व वयांचा श्रोता एकत्र बसविणे हे या कलाप्रकाराचे सर्वांत अवघड कार्य आहे, आणि ते कसे साधले गेले यावरच त्याचे मूल्यमापन झाले पाहिजे, असे माझे मत आहे. या विवेचनासाठी उज्जयिनीइतकी सोयीची भूमी दुसरी नाही. अवंतीच्या गावोगावी उदयनाच्या कथा जाणणारे वृद्ध आहेत, असे कालिदासाने मेघदूतात आवर्जून नमूद केले आहे. मेघाला महाकालाकडे नेण्यापूर्वी कवीला या गोष्टी सांगणाऱ्या वृद्धांची आठवण व्हावी, यात या नगरीचा एक जुना मान व्यक्त झाला आहे.

२

आरंभीच एक खबरदारी घेतली पाहिजे. 'आफ्रिकी कथा' या नावाची एकच एक वस्तू नाही. शेकडो भाषांचा तो खंड आहे. त्यामुळे जे काही म्हणावयाचे ते विशिष्ट परंपरेचे नाव घेऊनच म्हटले पाहिजे.

पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषिकांमध्ये 'जेली' या नावाचा वंशपरंपरागत गायक-कथकांचा वर्ग आहे. फ्रेंचांनी त्यांना 'ग्रिओ' म्हटले आणि तेच नाव बाहेर रूढ झाले. तेराव्या शतकात माली साम्राज्याची स्थापना करणाऱ्या सुंदियाताची गाथा यांनीच मुखोद्गत राखली. गिनीतील इतिहासकार जिब्रिल तामसीर नियान यांनी तिचे एक कथन १९६० मध्ये फ्रेंच गद्यात प्रसिद्ध केले, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या वाचकास या वाङ्मयाच्या थोरवीची कल्पना आली. परंतु पुस्तकात जे उतरू शकले नाही ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मूळ प्रयोगात कथकाच्या जवळ आणखी एक माणूस बसलेला असतो. कथकाच्या प्रत्येक चरणानंतर तो 'नामू' असा शब्द उच्चारतो. 'होय, खरे' असा त्याचा भाव आहे. त्याच्या होकारावाचून पुढचा चरण येत नाही.

घानातील अकान लोकांच्या अनान्सी या कोळ्याच्या कथांची रीत याहून निराळी आणि अधिक धीट आहे. गोष्टीच्या आरंभी, आपण जे सांगणार ते खरे मानू नये, असे निवेदक जाहीर करतो. शेवटी ती श्रोत्यांच्या हवाली करून तिचा काही अंश फिरून आपल्याकडे यावा, अशी इच्छा तो व्यक्त करतो. रॅट्रे या संशोधकाने १९३० मधील आपल्या संग्रहात ही सूत्रे नोंदविली आहेत. पण खरी मौज मध्ये आहे. गोष्ट रंगात आली असता श्रोत्यांपैकी कोणीही उठून निवेदकास थांबवू शकतो आणि एक गाणे सुरू करू शकतो. या गाण्याला 'म्बोगुओ' म्हणतात. सर्व जमाव ते उचलून धरतो, पावले पडू लागतात, आणि गाणे संपल्यावर निवेदक सुटलेला धागा पुन्हा हाती घेतो. येथे गाणे आणि नाच ही गोष्टीची सजावट नसते. श्रोत्याला गोष्टीत शिरण्याचा तो हक्काचा दरवाजा असतो. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली घरांत निवेदक 'पाउक्वा' म्हणतो आणि मुले 'पाकावा' असे उत्तर देतात, तेव्हाच गोष्ट सुरू होते. तिन्ही रीतींमधील समान तत्त्व एकच आहे. श्रोत्याचा आवाज हा या वाङ्मयाच्या संहितेचाच भाग आहे.

हे आपल्याला सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. फौजेत जसा नगारा तसा गोष्टीत हुंकारा, अशा आशयाची एक राजस्थानी म्हण आहे. मराठी घरात श्रावणातील कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकली जाते. रिकाम्या हाताने ती ऐकावयाची नसते. तिची सांगता 'साठा उत्तरांची' या शब्दांनी होते. या 'उत्तरां'चा अर्थ कसाही लावला, तरी सांगणारा व ऐकणारा या दोघांनी मिळून कहाणी पुरी होते, ही जाणीव त्या शब्दात आहे.

३

श्रोत्याच्या स्थानाचा प्रश्न जितक्या तीक्ष्णपणे वेताळाच्या कथांत मांडला गेला आहे तितका जगातील फार थोड्या कथाचक्रांत मांडला गेला असेल. या कथांची मराठीशी असलेली जवळीकही लक्षात घेण्याजोगी आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेताळाला खांद्यावर घेणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीतीरावरील प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पुढे लोकपरंपरेत तोच उज्जयिनीचा विक्रम झाला आणि गोष्ट क्षिप्रेच्या काठी स्थिरावली. मराठी छापील गद्याच्या अगदी पहाटेस, १८१४ मध्ये, श्रीरामपूर येथे 'सिंहासनबत्तिशी' निघाली, आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये आली. म्हणजे मराठी गद्याने चालावयास शिकताना विक्रमाचेच बोट धरले होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या चक्राची अट सर्वांस ठाऊक आहे, पण तिचा वाङ्मयीन अर्थ क्वचितच पाहिला जातो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल. तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळेल. म्हणजे ऐकणाऱ्याने मूकही राहता कामा नये आणि बोलल्यास गोष्ट फिरून आरंभापासून ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे. विक्रम हा या कथांचा नायक आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः तो त्यांचा श्रोता आहे. सर्व पराक्रम तो ऐकण्याच्या आणि निवाडा करण्याच्या रूपाने करतो. अखेरच्या कथेत पिता-पुत्रांनी कन्या-मातांशी उलटसुलट विवाह केल्यावर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न येतो. तेथे राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही. हे प्रामाणिक मौनच त्याला फळ देते.

पश्चिम आफ्रिकेत व इतरत्रही अशाच प्रश्नान्त कथांचा मोठा साठा आहे. विल्यम बॅस्कम या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये त्यांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. या कथांचा शेवट बहुधा प्रश्नाने होतो आणि निवाडा जमलेल्या मंडळींवर सोपविला जातो. पुष्कळदा त्यावर उडणारा वाद गोष्टीहून लांबतो. त्यांतील एक नमुना आपल्या वेताळाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. हॅरॉल्ड कूरलँडर आणि जॉर्ज हर्झॉग यांच्या १९४७ च्या संग्रहातील लायबेरियातील कथेत एक शिकारी रानात मरतो. पुत्रांना त्याचा विसर पडतो. सर्वांत धाकटा मुलगा बोलू लागताच प्रथम विचारतो, 'माझे वडील कोठे आहेत ?' तेव्हा भाऊ शोधास निघतात. एक हाडे जुळवितो, एक मांस चढवितो, एक रक्त घालतो, एक श्वास फुंकतो. बाप जिवंत होऊन परततो आणि सुंदर गोपुच्छाची चवरी करून, मला परत आणण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा त्याला ती देईन, असे म्हणतो. सर्व गाव वाद घालते. शेवटी चवरी धाकट्या मुलाला मिळते; कारण ज्याची आठवण निघते तो माणूस खऱ्या अर्थाने मेलेला नसतो.

याच्याशेजारी मंदारवतीची कथा ठेवावी. तिच्या तीन प्रणयी तरुणांपैकी एक तिच्या राखेवर निजून राहतो, एक अस्थी गंगेत नेतो, एक संजीवनाचा मंत्र आणून तिला उठवितो. ती कोणाची पत्नी, असा वेताळाचा प्रश्न आहे. राजा सांगतो, जीव देणारा हा पिता, अस्थी नेणारा हा पुत्र, आणि राखेची सोबत करणारा हा पती. दोन्ही कथांचा सांगाडा जवळजवळ एक आहे. मृताला जिवंत करणाऱ्या अद्भुत विद्येला दोन्ही ठिकाणी पहिला मान मिळत नाही, हेही एक. पण निवाड्याची दिशा निराळी आहे. आपला राजा प्रत्येक कृतीला नात्याच्या चौकटीत बसवितो. कोणते कर्म कोणत्या नात्याचे, हे तो धर्माधिकाऱ्याप्रमाणे ठरवितो. लायबेरियातील बाप मात्र चौकटीबाहेरच्या, ज्याने कोणतेच कर्तृत्व दाखविले नाही अशा पोराच्या प्रश्नाला मान देतो. एकाची दृष्टी व्यवस्थेकडे, तर दुसऱ्याची स्मरणाकडे आहे. यांपैकी श्रेष्ठ कोणती, हे ठरविण्याचे प्रयोजन नाही. परंतु घरातील लहान मूल ज्या प्रयोगास उपस्थित आहे, त्या प्रयोगात लहान मुलाच्या प्रश्नाला सर्वांत मोठे बक्षीस मिळावे, यातील औचित्य ध्यानात घेतले पाहिजे. सहकुटुंब ऐकण्याच्या गोष्टीत कुटुंबातील प्रत्येकासाठी जागा कशी करावी, याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

४

आता उज्जयिनीच्या माचाकडे वळू. माळव्यातील हा गेय नाट्यप्रकार गोपाळजी आणि बालमुकुंद या गुरूंच्या परंपरेने या नगरीत वाढला. त्याचे निरनिराळे आखाडे झाले. होळीच्या सुमारास उंच मंचावर रात्र रात्र चालणाऱ्या या खेळांत हरिश्चंद्र, गोपीचंद, भर्तृहरी, ढोला-मारू यांच्या कथा गायिल्या जात. प्रयोगाच्या आधी काही दिवस खांब रोवण्याचा विधी होई, म्हणजे वस्तीला आगाऊ निमंत्रण मिळे. खेळाच्या प्रारंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडण्याचा आणि फर्राशीण बिछायत घालण्याचा अभिनय करी. राजाच्या कथेपूर्वी रंगभूमी झाडूनपुसून घेणाऱ्या या दोन सामान्य माणसांना मान देण्यात विनोद आहे, आणि मुलांना जागे ठेवण्याची युक्तीही आहे.

माचातील संवादाला 'बोल' म्हणतात. नट बोल गातो, मंचावर ठराविक जागी बसलेले टेकिये त्याची टेक उचलतात, ढोलक वाजते आणि त्या वेळात नट पावले टाकतो. मग पुढचा बोल येतो. हे टेकिये आणि मांदे कथकाचा 'नामू' म्हणणारा सोबती यांचे कार्य एकच आहे. शाहिराचे झीलकरी, वारकरी कीर्तनातील टाळकरी, गोंधळातील नायकाला मध्येच अडवून प्रश्न विचारणारा त्याचा जोडीदार, ही सर्व त्याच कुळातील मंडळी होत. ओळ फिरून गायिली जात असता आजोबांना तिचा अर्थ आठविण्यास, नातवाला ती पाठ करण्यास आणि दोघांच्या मधल्या पिढीला तिच्यावर विचार करण्यास सवड मिळते. पुनरुक्ती हा लोकवाङ्मयाचा दोष आहे, असे जे सरसकट म्हटले जाते ते पुस्तकी दृष्टीने खरे असले, तरी प्रयोगाच्या दृष्टीने पुनरुक्ती ही निरनिराळ्या वयांच्या माणसांना एका गतीने चालविणारी योजना आहे.

आफ्रिकी नृत्य आपल्याला दुरून पाहावयाची वस्तू वाटते, तेही तितकेसे खरे नाही. माळव्याच्या दक्षिणेकडून वाहत जाणारी नर्मदा जेथे समुद्राजवळ पोहोचते, त्या भडोच भागात रतनपूर येथे बाबा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी लोक आपले धमाल नृत्य करतात. त्याचे दुसरे नाव 'गोमा', आणि हे नाव ढोल व नृत्य या दोन्ही अर्थांच्या स्वाहिली 'न्गोमा' शब्दाशी जोडले जाते. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल आणि मलुंगा हे धनुष्यासारखे वाद्य ही त्यांच्या पूर्वजांच्या आठवणीची साधने आहेत. मलिक अंबरामुळे आणि जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव मराठी इतिहासात घरोघर पोहोचले. त्यांचे गाणे मात्र आपल्या कानी आले नाही. लढाईच्या बखरीतून जे आपण ओळखले त्यांना उत्सवातूनही ओळखावे, हे अभ्यासकांचे एक राहिलेले कार्य आहे.

५

रात्रभर चालणारा, गल्लीत वाढलेला हा प्रयोग सभागृहात आला की काय होते, हा आजचा खरा प्रश्न आहे. गिनीचे केइता फोदेबा यांनी पॅरिसमध्ये १९५० नंतरच्या वर्षांत आफ्रिकी नर्तकांचा संच उभारला. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तो राष्ट्राचा संच बनला आणि जगभर गाजला. त्याने आफ्रिकी कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या नृत्यात सर्व गाव सामील होई ते नियत वेळेच्या पडद्याआड बसविताना पाहणारा आणि नाचणारा यांच्यामध्ये दिव्यांची एक रांग आली, हेही तितकेच खरे. घानातील लेखिका एफुआ सदरलँड यांनी हीच अडचण ओळखून निराळा मार्ग धरला. एकुम्फी-अत्विया या गावी त्यांच्या प्रयत्नाने 'कोद्झिदान', म्हणजे कथागृह, उभे राहिले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द मॅरेज ऑफ अनान्सेवा' या नाटकात त्यांनी म्बोगुओला संहितेतच जागा दिली. लिखित नाटकालाही श्रोत्यासाठी दार ठेवता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

आपल्याकडे माचाची गतही अशीच आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या कालिदास समारोहामुळे उज्जयिनीत रंगभूमीची शिस्त आली, निरनिराळ्या प्रांतांचे प्रयोग पाहावयास मिळाले. माचाचे ज्येष्ठ कलावंत ओमप्रकाश शर्मा यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ही या नगरीला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सन्मान कलावंताला मिळतो, श्रोत्याला नाही; आणि श्रोता नाहीसा झाला तर टेकियाने उचललेली टेक ऐकणार कोण ? लोककलेचा प्रयोग तासाभरात आटोपताना प्रथम कात्री लागते ती टेकेला आणि भिश्तीला, कारण 'कथानक' तेवढ्याने पुढे सरकत नाही. मुलांची आणि म्हाताऱ्यांची जागाच आपण अशा रीतीने कापून टाकतो.

पुस्तक आणि पडदा यांचेही तेच. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या रामानंद सागर यांच्या मालिकेने विक्रम आणि वेताळ घरोघर पोहोचविले. मात्र वेताळाचा प्रश्न आणि राजाचे उत्तर यांच्यामध्ये घरातल्या मुलाने काही बोलावे एवढा अवकाश तेथे नव्हता, आणि त्या माध्यमात तो असणेही कठीण होते. पाठ्यपुस्तकात तर प्रश्न धड्याखाली जातो आणि त्याचे एकच उत्तर बरोबर ठरते.

यावर दोन आक्षेप येतील व ते विचारात घेतलेच पाहिजेत. पहिला असा की, पुस्तकाने व रंगमंचाने या कथा वाचविल्या नसत्या तर आज आपण बोलतो आहोत त्या विषयाचाच लोप झाला असता. हे मान्य आहे. सोमदेवावाचून मंदारवती नाही आणि नियान यांच्यावाचून सुंदियाता आपल्यापर्यंत पोहोचला नसता. माझा विरोध लेखनाला नाही. लेखन म्हणजेच वाङ्मय, असे मानून उरलेल्या भागावर समीक्षेने डोळे मिटावेत, याला आहे. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. श्रोत्याचा सहभाग ही गोष्ट सवंगही होऊ शकते. निवेदकाने 'टाळ्या वाजवा' म्हणावे आणि मुलांनी त्या वाजवाव्यात, याला सहभाग म्हणावयाचे काय ? मुळीच नाही. म्बोगुओ घालणारा श्रोता निवेदकाला थांबवितो, आणि तसे करण्याचा त्याला अधिकार असतो. आज्ञेने वाजलेली टाळी कोणालाच थांबवीत नाही. खऱ्या सहभागात गोष्टीची वाट बदलण्याचा संभव असतो, आणि हीच त्याची ओळख होय.

६

यावरून अशा प्रयोगांच्या परीक्षणासाठी काही कसोट्या हाती येतात. प्रयोगात श्रोत्याच्या आवाजासाठी जागा आहे काय आणि त्या आवाजाने काही फरक पडतो काय, ही पहिली. गाणे व नाच यांनी गोष्ट पुढे नेली, अडविली की केवळ शोभविली, ही दुसरी. एकाच क्षणी निरनिराळ्या वयांच्या माणसांना निरनिराळे काही देऊन सर्वांना एकत्र धरून ठेवता आले काय, ही तिसरी. आणि प्रयोग संपल्यावर घरी जाताना वाद घालण्याजोगे काही उरले काय, ही चौथी. या कसोट्या आफ्रिकी संचाला लावाव्यात, माचाला लावाव्यात, आणि कीर्तनालाही निःसंकोचपणे लावाव्यात.

अध्यापकांसाठी या विवेचनाचा एक व्यावहारिक अर्थ आहे. शिंद्यांच्या काळापासून उज्जयिनीत वसलेल्या मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी बोलतात, बाजारात माळवी ऐकतात, आणि मराठी त्यांच्या वाट्याला मुख्यतः घरात येते. अशा मुलांना मराठी ही आज्ञा ऐकण्याची भाषा म्हणून सहज मिळते. उलट प्रश्न करण्याची, वाद घालण्याची भाषा म्हणून ती मिळेलच असे नाही. भाषा टिकावयाची ती या दुसऱ्या उपयोगाने. वेताळाची एक गोष्ट वर्गात किंवा मंडळाच्या सभागृहात मराठीतून सांगावी, राजाचे उत्तर राखून ठेवावे, आणि मुले, आया व आजोबा यांनी मराठीतून निवाडा करावा. वादात माळवी शब्द आला तर तो येऊ द्यावा. सोमदेवाचे उत्तर शेवटी अनेक उत्तरांपैकी एक म्हणून वाचून दाखवावे. याला खर्च नाही, रंगमंच नाही आणि पारितोषिकही नाही. मात्र ज्याला आपण मराठीचे रक्षण म्हणतो त्याचा एक अंश यात निश्चित आहे.

बृहत्कथेची जन्मकथा आपण जाणतोच. गुणाढ्याने पैशाची भाषेत रचलेला ग्रंथ सातवाहनाच्या दरबाराने भाषा हीन म्हणून परतविला. तेव्हा तो रानात एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला आणि पशू चरणे सोडून ऐकत राहिले. राजाला जाग आली तोवर सात लक्ष श्लोकांपैकी एकच लक्ष उरले होते. ग्रंथाची योग्यता दरबाराआधी श्रोत्यांनी ओळखली, एवढे सांगून ही कथा थांबत नाही. दरबार उशिरा का होईना रानात गेला, म्हणून जे उरले ते उरले, हेही ती सांगते. साहित्यसंस्थांनी यातील दुसरा भाग अधिक लक्षपूर्वक वाचावा.